खाडा

दुपारी भाजी अर्धी शिजली आणि गॅस संपला. सिलिंडर कधी लावला होता ते बघायला कॅलेंडर उलटत मागे गेले आणि तिथेच रमले. हे खूळ आईकडून आलेलं. दुधाचा खाडा म्हणजे चौकोनात फुली, जास्तीचं दूध म्हणजे तारखेभोवती गोल. वर्ष संपलं तरी जुनं कॅलेंडर त्याच खिळ्यावर नव्याच्या मागे लटकत राहायचं. ‘कशाला ठेवतेस गं?’ विचारलं की म्हणायची, ‘असू दे.’

अशा ‘असू दे’वाल्यांमध्ये माझा सगळ्यात लाडका म्हणजे अमेरिकेतला शास्त्रज्ञ स्कॉट फोर्बुश. अवकाशातून विश्वकिरण, म्हणजे प्रचंड वेगाचे सूक्ष्म कण, येतात हे व्हिक्टर हेसने 1912 सालीच फुग्यातून पाच किलोमीटर वर जाऊन दाखवलं होतं. फोर्बुशला हवा होता रोजचा हिशेब. त्याचं यंत्र म्हणजे पोलादी गोळा, आत दाबून भरलेला अरगॉन वायू, भोवती शिशाचे छर्रे आणि फोटोच्या कागदावर उमटत जाणारी रेघ. हवेचा दाब वाढला की किरण कमी भरतात, म्हणून तो फरक आधी काढून टाकायचा. उरेल ते खरं. महाकंटाळवाणं काम. मला हेवा वाटतो.

1937च्या एप्रिलमध्ये चुंबकीय वादळ आलं, म्हणजे पृथ्वीचं चुंबकत्व काही काळ डळमळलं, आणि अमेरिकेतल्या व पेरूतल्या यंत्रांवर किरण एकाच वेळी घटले. खाडा! सूर्यावरून सुटलेले चुंबकीय लोट बाहेरच्या किरणांना वाटेतच अडवतात, हे पुष्कळ नंतर उमगलं. तोवर हा नोंदी ठेवतच होता. 1937 ते 1952पर्यंतच्या नोंदी जोडून 1954 मध्ये त्याने दाखवलं, की सूर्यावरचे डाग वाढले की किरण कमी, डाग घटले की जास्त. अकरा वर्षांचं चक्र, फरक जेमतेम काही टक्क्यांचा.

आपले विक्रम साराभाई सगळ्यांना रॉकेटमुळे माहीत. पण 1942चा त्यांचा पहिला शोधनिबंध विश्वकिरणांवरच होता.

आणि ती चुंबकीय वादळं आपल्याकडे नोंदवतं कोण, तर अलिबागची वेधशाळा. आधी हे काम कुलाब्याला चालायचं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकाची मापं बिघडणार, म्हणून 1904 मध्ये समुद्रापलीकडे लोखंड टाळून नवी इमारत बांधली. ट्राम 1964 मध्ये कायमच्या बंद झाल्या. वेधशाळा काही परत आली नाही. बरंच झालं म्हणा, लोकल होत्याच.