नोवी सादचे स्पेन्स
आजची दुपार सर्बियातील नोवी साद शहराच्या ‘स्पेन्स’ या क्रीडासंकुलात घालवली. 1981 च्या जागतिक टेबल टेनिस स्पर्धेसाठी उभारलेल्या या वास्तूत सामन्यांची सभागृहे, पोहण्याचा तलाव, बर्फावरील स्केटिंगची जागा आणि दुकानेही असल्यामुळे सामना नसतानाही लोकांची ये-जा सुरूच असते. एका दुकानासमोर खांद्याला स्केट्स अडकवलेली एक मुलगी आजीचा हात धरून उभी होती. आजीच्या दुसऱ्या हातात भाजीची पिशवी होती. राजधानी बेलग्रेडचे ‘अरेना’ हे बंदिस्त क्रीडागृह याहून कितीतरी भव्य आहे. 1990 च्या दशकात देशावरील आंतरराष्ट्रीय निर्बंधांच्या काळात रखडलेले ते काम 2004 मध्ये पूर्ण झाले आणि 2008 ची युरोव्हिजन ही युरोपातील गायनस्पर्धा तिथेच रंगली. मला मात्र स्पेन्सच अधिक भावले, कारण ते शहराच्या रोजच्या जगण्यात मिसळलेले आहे. वास्तू आता जुनी झाली असून तिची डागडुजी वेळच्या वेळी होत राहावी, असे मनापासून वाटते.