विवाहसंस्थेचं ऑफिस कुठाय?

मंगळवार, रात्री पावणेबारा

आज मॅडमनी वर्गात आल्या आल्या विचारलं, संस्था म्हणजे काय, उदाहरण द्या. निम्म्या वर्गाने आपापल्या शिक्षणसंस्थेचं नाव घेतलं, एकजण साखर कारखाना म्हणाला, मी पतसंस्था. आपल्याकडे संस्था म्हटलं की बिल्डिंग, बोर्ड, चेअरमन हेच डोळ्यासमोर येतं ना. मॅडम म्हणाल्या, बरं, मग विवाहसंस्थेचं ऑफिस कुठाय? सगळे गप्प. विवाहसंस्था, कुटुंबसंस्था, जातिसंस्था हे शब्द बारावीपासून पेपरात लिहितोय आणि आजपर्यंत एकदाही डोक्यात आलं नाही की यातली 'संस्था' आणि पतसंस्थेतली 'संस्था' वेगळी आहे.

मग डग्लस नॉर्थ. 1993 चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉबर्ट फोगेल आणि याला मिळून मिळालं होतं. तो म्हणतो संस्था म्हणजे खेळाचे नियम, लेखी पण आणि बिनलेखी पण, आणि संघटना म्हणजे त्या नियमात खेळणाऱ्या टीम. म्हणजे माझी पतसंस्था नावातच संस्था, निघाली टीम.

इथवर ठीक होतं. मग 1996 चा हॉल आणि टेलरचा लेख आला, त्यात नवसंस्थावाद, म्हणजे संस्था माणसाचं वागणं कसं घडवतात हे सांगणारा विचार, एक नाही तीन, आणि माझी झेरॉक्स इतकी फिकी की निम्मं अंदाजाने वाचलं. एक म्हणतो माणूस फायदा-तोटा बघून नियम पाळतो. दुसरा म्हणतो एकदा वाट पडली की सोडवत नाही. तिसरा मला सगळ्यात पटला, माणूस हिशोब वगैरे काही करत नाही, आपल्यात असं करत नाहीत म्हणून करत नाही, बस. माझ्या आईची अर्धी वाक्यं याच थिअरीत बसतात. त्याच गटातले मायर आणि रोवन 1977 मध्येच लिहून गेलेत की बऱ्याच संघटना कामासाठी नाही तर चारचौघांत बरं दिसावं म्हणून रचना उभी करतात. आमच्या आधीच्या कॉलेजात तक्रार निवारण समितीचा बोर्ड होता, पेटी होती, पेटीला कुलूप होतं, किल्ली कुणाकडे ते तीन वर्षांत कळलं नाही.

पण रात्री झोप उडवली ती ऑस्ट्रॉमबाईंनी. 1968 मध्ये गॅरेट हार्डिन म्हणाला होता की सामायिक कुरण असलं की जो तो आपलं एक जनावर वाढवणार आणि कुरण संपणार. एलिनॉर ऑस्ट्रॉमनी 1990 च्या पुस्तकात दाखवलं की असं व्हायलाच पाहिजे असं काही नाही, लोक बसून नियम करतात आणि पाळतात पण. स्पेनच्या व्हॅलेन्सियात पाटपाण्याची भांडणं दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात मिटवतात, शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच, निकाल जागच्या जागी तोंडी. हे वाचताना मला सारखं वाटत होतं हे मी कुठंतरी बघितलंय, आणि मग एकदम आठवलं, मामाचं गाव! साक्री तालुका, पांझरा नदी, फड!!

दहा वाजता फोन लावला. मामा म्हणे काय करी राहिनी इतक्या रात्री. मी म्हटलं मामा फड कसा चालायचा सांग. मग जे सुटलं ते पाऊण तास. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, ऊस तर ऊस, आणि शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात, म्हणजे पाणी कमी पडलं तर सगळ्यांनाच थोडं थोडं कमी. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. तू लहानपणी पाटात चप्पल सोडलेलीस, पाटकऱ्याने आणून दिली, हे पण सांगून झालं. म्हणजे मी आख्खी संस्था पायांनी तुडवत हिंडले आणि परीक्षेला पतसंस्था लिहिणार होते.

मी मामाला म्हटलं याच्यावर एका बाईला 2009 मध्ये नोबेल मिळालं, अर्थशास्त्रात मिळवणारी पहिली बाई. मामा म्हणे फडावर? मी म्हटलं फडावर नाही रे, फडासारख्या गोष्टींवर. जरा वेळ शांत, मग म्हणे मग पाटकऱ्याला काय मिळालं.

शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे. दंडाचं विचारायचं राहूनच गेलं, पाणी चोरलं तर काय करायचे ते. ऑस्ट्रॉमबाई म्हणतात पहिल्या चुकीला छोटा दंड, मग वाढत जाणारा. मामाला उद्या परत फोन, पण दुपारी, रात्री मामी ओरडते.