बेपत्ताची तार

नोव्हेंबर लागला की आम्हा डाकसेवकांचं निम्मं काम पेन्शनरांच्या ओसरीवर चालतं. हयातीचा दाखला. आधार नंबर, मशीनवर अंगठा, सत्तर रुपये फी, झालं. दारव्हा तालुक्यातल्या एका आजींपाशी मात्र अख्खी दुपार गेली.

जन्मभर कापूस वेचलेली बोटं. अंगठ्याच्या रेघा पार पुसलेल्या. ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं, दुसरी बोटं लावून पाहिली, मशीन काही घेईना. मधल्या वेळात पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, चाळला. नौदल. आयएनएस खुकरी. मृत्यू ९ डिसेंबर १९७१.

बांगलादेशच्या युद्धात पाकिस्तानी पाणबुडी हुडकायला ‘कृपाण’ या दुसऱ्या जहाजासोबत निघालेली ही युद्धनौका. त्याच ‘हंगोर’ पाणबुडीनं दीवजवळ रात्री टॉर्पेडो मारला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन मुल्लांनी जहाज सोडलं नाही, त्यांना महावीर चक्र मिळालं, एवढं वाचलेलं होतं. आपल्या कोरडवाहू मुलखातलं बाविशीचं पोरगं त्यात असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

“तार तुमच्याच पोस्टानं आणली,” आजी म्हणाल्या. “बेपत्ता, असं होतं. सासू म्हने, सापडला नाही म्हंजे मेला काहून?”

संक्रांतीला सासूनं नवा चुडा भरून सुनेला हळदीकुंकवाला धाडलं. बायकांनी कुंकू लावलं, वाण दिलं. बोललं कोणी नाही. मग नौदलाचं पत्र आलं. देह नाही, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. “पानं म्याच तोडून आणली. बांधावरच होता पळस.”

दीवच्या स्मारकाचा फोटो मोबाईलवर दाखवला. काचेत ठेवलेली जहाजाची प्रतिकृती. आजींनी फोन डोळ्यांशी नेला.

“याच्यात इंजिन कुठं रायते?”

“खाली, पोटात.”

“थो इंजिनावर होता. वर याले जिना असन ना?”

“असतो,” म्हटलं. जहाज काही मिनिटांत बुडालं, हे नाही सांगितलं.

शेवटी कॅमेऱ्यानं चेहरा घेतला. तेही सहज नाही: डोळे मिचकवा म्हटलं की आजी गच्च मिटून घेत. दाखला निघाला. फी राहू द्या म्हटलं, तर त्यांनी कमरेची पिशवी सोडली.

“घे. त्या तारेचे काही घेतले नोयते पोस्टानं.”