शाहू महाराजांच्या गावात जर्मनीची शाळा कशाला?

लग्नात, बँकेत, कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर खरेदी करताना मला हाच प्रश्न येतो. पाच वर्षं मी तो हसून टाळला. आता तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेच.

मी चालवते ती शाळा वॉल्डॉर्फ या जर्मनीत सुरू झालेल्या शिक्षणपद्धतीची आहे, पण पाटीवर ते नाव नाही, कारण नाव नोंदणीकृत आहे आणि मान्यतेशिवाय लावता येत नाही. आम्ही काही लपवत नाही. माध्यम मराठी आहे. बाहेरून डॉलर येत नाहीत, उलट शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे पैसे आम्हीच भरतो. अक्षरओळख सातव्या वर्षी होते. 'आमच्या नातवाला बालवाडीतच एबीसीडी येते' हे मला ऐकवू नका. चार वर्षांची मुलं पेन्सिल धरून रडायची अशा शाळेत मी बारा वर्षं शिकवलंय, आणि त्यांना रडवणारी मीच होते.

या पद्धतीचे जनक रुडॉल्फ स्टायनर यांची वंशाविषयीची काही मतं वाईट होती. मी ती मानत नाही. जर्मनीतल्या या शाळांच्या संघटनेनंही २००७ साली वंशभेदाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. ज्या संस्थानात १९०२ साली मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या गेल्या, तिथं हे मी पहिल्याच पालकसभेत सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

सांगितली ती दुसरीच गोष्ट. १९१९ साली स्टुटगार्टमध्ये वॉल्डॉर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्याच्या एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या मुलांसाठी ही पहिली शाळा काढली. २५६ मुलं होती, त्यातली बहुतेक त्याच कारखान्यातल्या कामगारांची. त्याच्या दोनच वर्षं आधी महाराजांनी इथं प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं, मूल शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. मी म्हणाले, सांगा, ही शाळा आपल्याला परकी कशी? टाळ्या पडल्या. शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डिंग करणारे एक पालक मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी मुलीचं नाव घातलं.

तिसऱ्या वर्षी फी वाढवावी लागली. अनुदान नाही, जागेचं भाडं वाढलेलं. ते फौंड्रीतले पालक पहिली पाळी संपवून थेट आले. नखांत काळी वाळू होती. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"मॅडम, त्या सिगारेटच्या कारखान्यातल्या कामगारांनी पोरांची फी भरली हुती काय?"

मला उत्तर माहीत होतं. फी कारखान्यानं भरली होती. "नाही," मी म्हणाले.

"मग?"

मी भाड्याचं सांगितलं, पगारांचं सांगितलं, कागद पुढं केला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. निम्मी फी माफ करते असं मी म्हणाले, तर ते म्हणाले, "नको. पोरगीला वर्गात कळतंय त्ये." आणि दाखला मागितला.

दाखल्यावर शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना असतो. क्लार्कनं नेहमीचं लिहून आणलं होतं, 'पालकांच्या विनंतीवरून'. मी वाचलं आणि सही केली. पोरीनं स्वतः पॉलिशपेपरनं घासून केलेल्या विणायच्या सुया कपाटात राहिल्या. शिरोली किती लांब आहे? मी गेले नाही.

तेव्हाची मी म्हणेन की शाळा बंद पडली असती तर कुणाचं भलं झालं असतं? हिशेब तिचा बरोबर होता, पण ती पहिल्या सभेत ती गोष्ट सांगायला उभी राहिली ते मला आजही पटत नाही.

लीलाताई पाटलांनी १९८५ साली याच गावात सृजन आनंद विद्यालय उभं केलं. त्यासाठी त्यांना कुठल्या परदेशी नावाची गरज पडली नाही. मला पडली. अडलं की कुणाला तरी विचारता यावं, अनुभवी माणसानं आठवडाभर वर्गात मागं बसून माझं काय चुकतंय ते तोंडावर सांगावं, हे मला हवं होतं. ते वॉल्डॉर्फ शाळांच्या जाळ्यातून मिळालं. फीचं उत्तर तिथंही मिळालं नाही.

यंदा चार मुलं पूर्ण फीमाफीवर आहेत. कोण ते वर्गात कुणाला ठाऊक नाही, शिक्षिकांनाही नाही. पुढच्या जूनमध्ये चार राहतील की दोन, सांगता येत नाही.

ते पालक परवा शिरोली फाट्यावर भेटले. पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. "चांगलं वाचतीया," म्हणाले. सुयांचं मी काढलं नाही.