झोळीत न मावणारा बार

क्लबफूटच्या, म्हणजे जन्मतः पाय आत वळलेल्या बाळांचे बूट आणि ते दोन्ही बूट जोडणारी आडवी दांडी, म्हणजे बार, आम्ही नाशिकजवळच्या अंबडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बनवतो. वळलेला पाय सरळ होतो तो प्लास्टरने. दर आठवड्याला बदलत पाच-सहा प्लास्टरं, मग बहुतेकांची टाचेमागची कंडरा कापतात आणि तीन आठवडे शेवटचं प्लास्टर. आईबापांना वाटतं, सुटलो. पण पुढे चार-पाच वर्षं बार असतो. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर झोपेचे १२ ते १४ तास. तो चुकला की पाय पुन्हा आत वळतो.

ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत पेठकडची एक आई आली. दिंडोरीला द्राक्षबागेत मजुरीला होती. बाळाचा डावा पाय पुन्हा वळलेला आणि कागदावर शेरा, ‘पालक सहकार्य करत नाहीत’. या शेऱ्याची मला मनापासून चीड आहे. बाळ कुठे झोपतं, एवढंही लिहिणाऱ्याने विचारलेलं नसतं.

मी विचारलं. ती म्हणाली, “बागेत, झोळीत. दादा, ही दांडी झोळीत मावतच नाही. पोर एका अंगावर होतं, रडतं. मुकादम म्हणतो, पोर गप कर नाहीतर घरी जा.”

दोन रॅकना साडी बांधून आम्ही तिथेच झोळी केली. बूट-बार तपासला. वळलेला पाय ७० अंश बाहेर, चांगला ४०, बार वाकवून पंजे १० ते १५ अंश वर उचललेले, लांबी बाळाच्या खांद्यांइतकी. बुटाच्या मागच्या भोकातून टाच तळाला टेकलेली दिसत होती. एक मापही चुकलेलं नव्हतं. बाळ झोळीत ठेवलं, तर कापडाच्या कडा मिटू बघत होत्या आणि बार आडवा तटत होता. सगळा ताण बुटांवर येऊन टाच वर सरकली. मग पायांकडे कापडात बारपेक्षा लांब काठी आडवी घातली. कडा एकमेकींपासून लांब राहिल्या, बाळ उताणं राहिलं, टाच जागेवर.

आता पुन्हा प्लास्टर आणि पुन्हा २३ तास. झोळीचं भागलं, पण कडेवर घेताना पोराचे पाय आईच्या कमरेभोवती जायला हवेत, आणि बार ते जाऊ देत नाही. बूट न काढता बार सोडता येईल अशी खटकी मी करतोय. सहकारी म्हणतो, सहज सुटला तर लोक काढूनच ठेवतील. मला ते पटत नाही. नाइलाजाने काढलेला बार परत लावणं सोपं असेल, तर आई तो लावेल. खटकी मात्र एका हाताने लागली पाहिजे, आणि स्प्रिंग मऊ केली की बाळाच्या लाथेने ती सुटते. सध्या तिथेच अडलोय.