फुल्दा: घाव सोसलेला ग्रंथ

जर्मनीत फ्रँकफुर्टहून वेगवान रेल्वेने तासाभरात फुल्दा हे शहर येते. बहुतेक प्रवासी तेथील कॅथेड्रल आणि त्याच्या तळघरातील, जर्मनीत ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणारे आठव्या शतकातील धर्मप्रचारक संत बोनिफेस यांची समाधी पाहून संध्याकाळी परततात. समाधीपाशी मला निवांतपणा मुळीच लाभला नाही. वेदीवर संतांच्या वधाचा देखावा कोरलेला आहे. पण एकामागून एक येणारे गट छायाचित्रे काढून मिनिटभरात पुढे सरकत होते आणि जो थांबेल त्याला मागून धक्के बसत होते, याचा मला मनापासून राग आला.

ज्याच्यासाठी हे लिहायला बसले, तो ग्रंथ मात्र मला हवा तितका वेळ पाहता आला. रागिन्द्रुडिस नावाच्या स्त्रीने आठव्या शतकात लिहवून घेतलेला हा लॅटिन धर्मग्रंथ. त्याच्या चर्मपत्रांत शस्त्राचे खोल घाव आहेत. कडेपासून आत शिरलेले, एकाखालच्या एक पानांतून गेलेले. 754 साली, 5 जूनला, फ्रिसियातील (आजच्या नेदरलँड्समधील) डोक्कुमजवळ हल्ला झाला, तेव्हा वृद्ध बोनिफेस यांनी हाच ग्रंथ डोक्यावर धरला, असे परंपरा मानते. चरित्रकार विलिबाल्ड सांगतात की मारेकऱ्यांनी सोन्याच्या आशेने पेट्या फोडल्या, आत पोथ्या निघाल्या म्हणून त्या शेतांत आणि दलदलीत भिरकावल्या, आणि पुष्कळ काळाने त्या धडधाकट सापडल्या. हे वाचून इंद्रायणीतून तरलेली तुकोबांची गाथा ज्याला आठवणार नाही, असा मराठी माणूस विरळाच.

दुसऱ्या दिवशी फ्रिट्झलार हे गावही पाहिले. तेथून जवळच, गाइसमार येथे, बोनिफेस यांनी डोनार या प्राचीन जर्मन देवाचा पूज्य ओक वृक्ष तोडून त्याच्या लाकडाचे प्रार्थनामंदिर बांधले. दुसऱ्याच्या श्रद्धेवर घातलेल्या त्या कुऱ्हाडीचे कौतुक माझ्याने होत नाही. मला जवळचे वाटतात ते पत्रांतले बोनिफेस. इंग्लंडमधील वेसेक्समधून आलेला हा विद्वान मठवासी जर्मनीतून मायदेशी सतत ग्रंथ मागत राहिला. मठाध्यक्षा एडबुर्गा यांना त्यांनी संत पेत्राची पत्रे सोन्याच्या अक्षरांत लिहून मागितली. आणि म्हातारपणी विंचेस्टरचे बिशप डॅनियल यांना कळवले की, नजर अधू झाल्याने बारीक, एकमेकांत गुंतलेली अक्षरे आता लागत नाहीत, तेव्हा गुरू विनबर्ट यांची संदेष्ट्यांची पोथी पाठवावी, तिची अक्षरे स्वच्छ आणि सुटी आहेत.