भांडुपच्या खोलीतले ध्वनिमुद्रण

मावशीच्या जात्यावरच्या ओव्या नीट ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या, असे मी गेल्या वर्षी ठरवले आणि घरच्या घरी, बेताच्या खर्चात वापरता येतील अशा साधनांचा शोध सुरू केला. आमचे घर भांडुपला, रेल्वेमार्गापासून हाकेच्या अंतरावर आहे. नवशिक्यांसाठीचा बहुतेक सल्ला शांत खोली गृहीत धरून दिलेला असतो आणि मुंबईत नेमकी तीच मिळत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

माझी पहिली खरेदी चुकली. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून मी स्वस्तातला कंडेन्सर माइक, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक, आणला. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला पुरवली जाणारी वीज, लागतो, हे विकणाऱ्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. लॅपटॉपला थेट जोडल्यावर आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा क्षीण येत होता. पुढे ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि लॅपटॉप यांना जोडणारी पेटी, घेतला, माइकला योग्य वीज मिळाली आणि मग शेजारच्या कुकरची शिट्टी, खिडकीतल्या कबुतरांचे घुमणे, पंख्याची घरघर, सगळेच स्पष्ट ऐकू येऊ लागले.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की, आपल्याकडच्या घरात पहिला माइक डायनॅमिक, म्हणजे बाहेरून वीज न लागणारा साधा माइक, असावा. गायकांच्या हातात सर्रास दिसणारा शूअरचा एसएम५८ हा १९६६ सालापासून चालत आलेला माइक याच जातीचा आहे. त्याच घडणीचे स्वस्त माइक दोन हजारांच्या आसपास मिळतात आणि सुरुवातीला तेवढे पुरतात. डायनॅमिक माइक बाहेरचा गोंगाट आपोआप गाळून टाकतो, हा मात्र गैरसमज आहे. खरा फरक अंतराने पडतो. तोंड आणि माइक यांच्यातले अंतर निम्मे केले, तर थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. डायनॅमिक माइकजवळ चार बोटांच्या अंतरावर बसून बोलता येते, हा त्याचा मोठा गुण आहे. इतक्या जवळून आवाजातला खर्ज थोडा वाढतो आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ ही अक्षरे फुटतात. त्यासाठी माइक तोंडासमोर न धरता किंचित तिरपा ठेवावा आणि मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे तोंडातल्या हवेचा झोत अडवणारी जाळी, लावावा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या, माइकला पाठीमागचे सर्वांत कमी ऐकू येते, म्हणून त्याची पाठ खिडकीकडे करावी.

इंटरफेस निवडताना मी एकच गोष्ट पाहीन, ती म्हणजे त्याचा प्रीअँप, माइकचा क्षीण संकेत मोठा करणारा भाग. डायनॅमिक माइकचा संकेत मुळातच दुबळा असतो, त्यामुळे गेन, म्हणजे संकेत मोठा करण्याचे प्रमाण, बराच वाढवावा लागतो, आणि तो वाढवल्यावर ‘स्सस्’ असा आवाज येऊ लागला तर सगळी मेहनत वाया जाते. मुद्रण २४ बिटांवर करावे आणि सर्वांत मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्य ही कमाल पातळी) राहील इतकाच गेन ठेवावा. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, कमी पातळीचा मात्र सहज वाढवता येतो.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असेच घ्यावेत, नाहीतर त्यांतला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. सॉफ्टवेअरवर खर्च करण्याची गरज नाही. २००० सालापासून मोफत मिळणारे ऑडॅसिटी हे मुद्रण-संपादनाचे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. माइक, इंटरफेस, हेडफोन, स्टँड, एक्सएलआर केबल (माइकची तीन टोकांची केबल) आणि पॉप फिल्टर मिळून माझा खर्च सुमारे ११ हजारांवर गेला.

खोलीवर मात्र जवळजवळ काहीच खर्च झाला नाही. कपड्यांचे उघडे कपाट पाठीमागे, गादी भिंतीला टेकवून उभी आणि समोरच्या दोरीवर दोन गोधड्या, एवढ्याने खोलीतला घुमारा निघून गेला. पण गोधडीने लोकलचा खडखडाट थांबत नाही, कारण बाहेरचा आवाज अडवायला जड भिंत आणि फटी बुजवलेली खिडकी लागते. गोधडी फक्त आतला प्रतिध्वनी शोषते. त्या खडखडाटातला खालचा गडगडाट मी ८० हर्ट्झचा हायपास फिल्टर, म्हणजे त्याखालचे खोल आवाज गाळणारी सोय, लावून कमी करतो आणि उरलेल्यासाठी गाडी जाईपर्यंत थांबतो. लॅपटॉप चार्जरवर असताना ऐकू येणारी बारीक गुणगुण तो बॅटरीवर चालवल्यावर गेली. पावसाळ्यात माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावा, विशेषतः कंडेन्सर असेल तर, कारण दमटपणामुळे त्यात चरचर येऊ लागते.

मावशीचे मुद्रण ऑक्टोबरच्या उकाड्यात, पंखा बंद करून केले. पहिल्या दोन ओव्यांत तिच्या बांगड्या किणकिणत होत्या. ओवी म्हणताना तिचा हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा आपोआप फिरत होता. मी काही सांगण्याआधीच तिने दोन्ही मनगटांवर रुमाल गुंडाळले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सुरुवातीला मी दहा सेकंद नुसत्या खोलीचा आवाज मुद्रित करून ठेवला होता, कारण ऑडॅसिटीतून गोंगाट कमी करताना असा नमुना लागतो. एकूण बावीस ओव्या झाल्या. हेडफोन लावून तिने त्या सगळ्या ऐकल्या आणि म्हणाली, “जात्याची घरघर हवी असेल तर मे महिन्यात गावी ये. जातं अजून पडवीतच आहे.”